भीमेच्या माहेरी

मुंबईहून पुण्याला जायला आगगाडीला साडेतीन तास पुरतात. गेल्या वर्षी भाऊबीज आटोपून आम्ही मुंबईहून पुण्याला निघालो आणि तिसऱ्या दिवशी रात्री पोहोचलो. गाडी चुकली नाही, दरड कोसळली नाही, की वाटेत कुणाचा पाहुणचार आडवा आला नाही. आम्ही सह्याद्री पायी ओलांडला, एवढेच!

‘‘पायी? आणि सहकुटुंब?’’ शेजारच्या काकूंनी कपाळाला हात लावला. ‘‘अहो, त्यापेक्षा माथेरानला जा. तिथे चहा तरी वेळेवर मिळतो.’’

काकूंचे तरी काय चुकले? १८६३ साली बोरघाटातून आगगाडी वर चढली, आणि तेव्हापासून मुंबईकराच्या हिशेबी सह्याद्री म्हणजे कर्जतला वडा घ्यायचा, बोगदे मोजायचे आणि लोणावळ्याला चिक्की घ्यायची, एवढ्या अवधीत संपणारी वस्तू झाली. त्याआधी कोकणातून देशावर जाणारा माणूस घाटवाटांनी चढून जाई. मिठाच्या गोणी वर जात, देशावरचे धान्य खाली येई. अशा कितीतरी वाटा सह्याद्रीच्या अंगावर अजून शाबूत आहेत. कर्जत तालुक्यातल्या खांडस गावातून भीमाशंकरला चढणारी वाट त्यांतलीच एक. वर भीमाशंकरचे अरण्य, आणि पलीकडे उतरताना भीमा नदीची सोबत, थेट भोरगिरी गावापर्यंत. डोंगर, रान आणि नदी, तिन्ही एकाच सुट्टीत. आणि खर्च माथेरानच्या निम्मासुद्धा नाही. संसारी माणसाला याहून जास्त काय हवे?

मंडळी आम्ही चार. मी, आमची सौ., भूगोल घेऊन बी. ए. करणारी कन्या आणि नववीतले चिरंजीव. प्रश्न होता तो सौ.च्या गुडघ्यांचा. गेली दोन वर्षे हे गुडघे हवामान खात्याच्या आधी पाऊस सांगतात. त्यांना घेऊन नऊशे मीटरची चढण चढायची म्हणजे गंमत नव्हे. ‘‘तू पुण्याला गाडीने ये, आम्ही तिघे जाऊन येतो,’’ असे मी सुचवून पाहिले.

‘‘भीमेचा उगम वरच आहे ना?’’ तिने विचारले.

‘‘हो.’’

‘‘मग मी येणार.’’

तिचे कारण मला ठाऊक होते. लहानपणी आजीच्या बोटाला धरून ती पंढरपूरला जात असे. पहाटेच्या अंधारात आजीबरोबर चंद्रभागेत बुडी मारायची आणि कुडकुडत काठावर यायचे, ही तिची सर्वांत जुनी आठवण. चंद्रभागा म्हणजे भीमाच. पंढरीला ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिचे नाव तिथे बदलते. ‘‘ही एवढी मोठी नदी येते कुठून गं?’’ असे ती आजीला विचारी. आणि आजी, जिने पंढरीच्या वर कधी पाऊल टाकले नव्हते, ती हात वर करून म्हणे, ‘‘डोंगरातून, बाळा.’’ त्या वर केलेल्या हाताच्या दिशेने जाण्याचा योग पन्नाशीला आला होता. गुडघ्यांचे तिथे काय चालणार!

कर्जतपर्यंत लोकल आणि पुढे कशेळ्यावरून भाड्याची गाडी. दुपार कलता कलता आम्ही खांडसला उतरलो. वाटेत कोथळीगडाचा सुळका नरसाळे पालथे घातल्यासारखा उभा दिसला. भाताची कापणी होऊन गेली होती. खाचरांतून पिवळे सड राहिले होते, खळ्यांवर झोडणी चालू होती आणि सगळ्या हवेला नव्या पेंढ्याचा गोडसर वास होता. समोर मात्र सह्याद्रीची भिंत. आगगाडीच्या खिडकीतून डोंगर तुकड्यातुकड्यांनी दिसतो. इथे तो अख्खा दिसला, आणि चिरंजीवांची बडबड त्या दिवसात पहिल्यांदा थांबली.

एका ठाकर कुटुंबाच्या घरी मुक्काम केला. घरच्या मुलानेच वाटाड्या म्हणून यायचे कबूल केले. रात्री तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी आणि गरमागरम वरण. सौ.ने जेवणानंतर भांडी घासू लागण्यासाठी बाहेर पाय टाकला, तर घरची आजीबाई म्हणाली, ‘‘बसा ताई, पानी आता लय हाय.’’

‘‘आता लय म्हणजे? एरवी नसतं?’’

‘‘पावसाळ्यात पानी ठेवायला जागा नाय, अन् शिमगा झाला का हंडा भरत नाय,’’ आजीबाई म्हणाली. चैत्र-वैशाखात झऱ्याच्या खळग्याशी वाटीवाटीने पाणी उपसत बसावे लागते, नंबर लावून, कधी रात्रीसुद्धा. हे तिने रडगाणे म्हणून सांगितले नाही. आपण नाही का, लोकलला गर्दी असते म्हणून सांगत, तसे सांगितले. बाहेर ओढ्याचा खळखळाट चालला होता. त्या आवाजात ते बोलणे खरे वाटेना, आणि म्हणूनच बहुधा ते माझ्या डोक्यातून जाईना.

सकाळी साडेसहाला निघालो. खांडसहून वर जायला दोन वाटा आहेत. शिडी घाट जवळचा पण अवघड. कड्यांवर लोखंडी शिड्या लावल्या आहेत. गणेश घाट लांबचा पण सोपा. ‘‘काकूंना घेऊन शिडी घाट नको,’’ वाटाड्याने निकाल दिला. चिरंजीवांचा चेहरा पडला, सौ.चा उजळला.

गणेश घाटाची वाट शहाण्या माणसासारखी आहे. एकदम अंगावर येत नाही. वळसे घेते, दम खाऊ देते, आणि कुठे घेऊन चालली आहे ते शेवटपर्यंत सांगत नाही. थोड्या चढणीनंतर गणपतीचे छोटे देऊळ लागते. तिथे नमस्कार करायचा आणि पाठीवरचे ओझे सारखे करून घ्यायचे, हा इथला रिवाज. पुढे उजव्या-डाव्या बाजूंनी रान जवळ येऊ लागते. कारवीची झुडपे वाटेच्या दोन्ही अंगांना दाटीने उभी. कारवी सात वर्षांनी एकदा सगळी मिळून फुलते आणि मग डोंगर जांभळा होतो. आमचे ते वर्ष नव्हते. पण वाळत्या गवतातून सोनकीची काही उशिराची पिवळी फुले आमच्यासाठी मागे राहिली होती.

वर पदरगडाचे सुळके कितीतरी वेळ आमच्याबरोबर चालत होते. आधी ते डोक्यावर होते, मग खांद्याला आले, मग बरोबरीला. ‘‘आपण चढतोय याचा हा पुरावा,’’ कन्या म्हणाली. चिरंजीवांचा पुरावा निराळा होता. त्यांच्या मोबाइलवर पावले मोजली जात. रेंज केव्हाच गेली होती, पण आकडा वाढत होता, आणि दर हजाराला आम्हाला तो मोठ्याने ऐकवला जात होता.

सौ. काठी टेकत आपल्या चालीने येत होती. वाटाड्याने तिला युक्ती सांगितली: ‘‘काकू, वर बघायचं नाय. पुढचा दगड तेवढा बघायचा.’’ शाळा-कॉलेजांतून आणि कचेऱ्यांतून मी पुष्कळ उपदेश ऐकला आहे; त्यांत हा वरच्या नंबरात बसेल.

दोन्ही घाट जिथे एकत्र येतात त्या पठारावर एक झाप आहे. तिथे कोरा चहा मिळाला, आणि तो वेळेवर होता हे शेजारच्या काकूंना मुद्दाम कळवायचे मी ठरवले. शेवटची चढण मात्र खडी, आणि ती दाट झाडीतून. ऊन एकाएकी नाहीसे झाले. पायांखाली पाचोळ्याचा जाड थर, हवेत ओल. आणि एका वळणानंतर चढ संपलाच. सौ.ने काठी झाडाला टेकवून ठेवली, मागे वळून खाली पाहिले. खांडसची घरे काडेपेट्यांएवढी दिसत होती. ‘‘तिथून आले मी?’’ ती म्हणाली. मग स्वतःच उत्तर दिले, ‘‘तिथूनच आले!’’

दुपारी एकच्या सुमारास देवळाशी पोहोचलो. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक. घोडेगावकडून मोटाररस्ता आल्यापासून गर्दीला तोटा नाही. मोटारीने येणारे वरून पायऱ्या उतरतात, दर्शन घेतात, पेढे घेतात आणि संध्याकाळच्या आत परततात. देऊळ खळग्यात आहे. शिखर नाना फडणिसांच्या काळातले. आवारात एक मोठी थोरली घंटा टांगली आहे, ती पोर्तुगिजांच्या चर्चमधली. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली. तिथून मराठ्यांनी आणलेल्या घंटा महाराष्ट्रातल्या बऱ्याच देवळांत लागल्या, त्यांतलीच ही एक. ती पाहताना मला नुसते नवल वाटले. तिचे खरे मर्म त्या दिवशी संध्याकाळी कळायचे होते.

चार वाजता वाटाड्या म्हणाला, ‘‘नागफणीला चला. सूर्य बुडताना बघण्यासारखं असतं.’’ सौ.ला मी खोलीवर पडून राहण्याचा आग्रह केला. ‘‘इथवर आले ती काय खोली बघायला?’’ म्हणून ती सर्वांच्या पुढे निघाली.

नागफणी म्हणजे कड्याचे टोक. नागाने फणा काढावा तसे कोकणावर झुकलेले. तिथे उभे राहिले की पायांखाली एकदम कोकण. सकाळी आमच्या डोक्यावर असलेला पदरगड आता खाली उभा. उत्तरेला सिद्धगडाचा प्रचंड माथा. पश्चिमेला डोंगरांच्या रांगांमागून रांगा, आणि त्यांच्या पलीकडे कुठेतरी धुरकट उजेडात आमची मुंबई.

इथे कन्येच्या भूगोलाला वाचा फुटली. ‘‘बाबा, आपण कशावर उभे आहोत ठाऊक आहे? जलविभाजकावर.’’ पुस्तकात हा शब्द मीही वाचला होता. परीक्षेत त्याची व्याख्या लिहून गुणही मिळवले होते. तिने तो उभ्या उभ्या उलगडून दाखवला. या धारेच्या पश्चिमेला पडलेला पावसाचा थेंब कडा उतरतो, खांडसच्या ओढ्यांतून उल्हास नदीला मिळतो आणि शंभरएक किलोमीटरांत वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला जातो. त्याच्याच शेजारी पूर्वेला पडलेला थेंब भीमेत उतरतो. भीमा ८६१ किलोमीटर चालते, रायचूरजवळ कृष्णेला मिळते, आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. एका पावलाचे अंतर, आणि दोन समुद्र!

तेव्हा मला ती देवळातली घंटा आठवली. डोंगराचे पाणी खाली वसईला जाते, आणि वसईची घंटा त्याच डोंगरावर वर आली! पाण्याला उतार कळतो. माणसाला चढही चढता येतो.

सूर्य बुडाला. पश्चिमेला चतुर्थीची बारीक चंद्रकोर वर राहिली. सौ. तिच्याकडे बराच वेळ पाहत बसली होती. ‘‘पंढरपूरला नदी अशीच वळते,’’ एवढेच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खांडसचा वाटाड्या आपल्या वाटेने उतरला आणि भोरगिरीकडचे एक वयस्कर मामा आमच्याबरोबर आले. मामा महादेव कोळी. डोक्याला मुंडासे, कमरेला कोयता, आणि पायांत वहाणा असून नसल्यासारख्या. कोवळे ऊन होते पण गारवा चांगलाच. साक्षी विनायकावरून आम्ही गुप्त भीमाशंकरच्या वाटेला लागलो आणि पाच मिनिटांत मोटारींचे भोंगे, पेढ्यांची दुकाने, सगळे मागे पडले.

भीमाशंकरचे रान १९८५ साली अभयारण्य झाले. क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर. पुणे, रायगड आणि ठाणे अशा तीन जिल्ह्यांत पसरलेले. पण सरकारी कागदावर येण्याच्या कितीतरी आधी हे रान राखले होते ते देवाच्या धाकाने. इथे ठिकठिकाणी देवराया आहेत. देवराईतली फांदी तोडायची नाही, पडलेले लाकूडसुद्धा घरी न्यायचे नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास करून जगापुढे मांडला. मामांनी तो वाचला नव्हता. पण एका गर्द झाडीशी आल्यावर त्यांनी वहाणा काढून हातात घेतल्या, आणि आम्हीही मुकाट्याने बूट काढले.

जांभूळ, अंजन, आंबा, हिरडा. मामा झाडांची ओळख घरच्या माणसांसारखी करून देत होते. हिरड्यापाशी ते जास्त वेळ थांबले. चैत्राच्या सुमारास कोवळी फळे गोळा करून वाळवायची. त्याला बाळहिरडा म्हणतात. औषधांना आणि कातडी कमावायला तो जातो. ‘‘भात पोटाला, हिरडा हाताला,’’ मामा म्हणाले. म्हणजे शेतात येते ते खायला, आणि चार पैसे जे हाती येतात ते हिरड्याचे. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानातल्या अशा उपजांवर गावांचा हक्क मान्य केला आहे. मामांच्या लेखी तो हक्क आजोबांपासूनचा.

एवढ्यात वरून ‘कट्‌कट्‌कट्‌’ असा कर्कश आवाज आला. मामांनी बोट वर केले. शेकरू! तांबूस-तपकिरी पाठ, पिवळसर पोट आणि अंगाहून लांब झुबकेदार शेपूट. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी. भीमाशंकरचे अभयारण्य झाले ते मुख्यतः याच्यासाठी. शेकरू जमिनीवर क्वचित उतरते. या झाडावरून त्या झाडावर वीस-वीस फुटांची उडी घेते. आणि काड्या-पानांची गोल घरटी फांद्यांच्या टोकांना बांधते, एक नव्हे, अनेक. ‘‘दादरला एक खोली मिळत नाही आणि याची चार-पाच घरं!’’ चिरंजीव म्हणाले. त्यावर शेकरूने जी उडी घेतली ती पाहून आम्हा चौघांच्या तोंडून एकदमच ‘अहाहा’ निघाले. रान तुटून झाडांमध्ये अंतर पडले की त्या उडीचे काय होईल, हे मामांना सांगावे लागले नाही.

पावसाळ्यात यायला हवे, असे मामा सांगत होते. भर पावसातल्या काळोख्या रात्री इथे कुजक्या लाकडांवर बुरशी उजळते, आणि जमिनीवर हिरवट चांदणे सांडल्यासारखे दिसते. आम्हाला ते मिळणार नव्हते. प्रत्येक सहलीत पुढच्या सहलीसाठी काहीतरी शिल्लक राहते, ते बरेच असते.

आणि मग पाण्याचा आवाज आला. गुप्त भीमाशंकर. लोकांची श्रद्धा अशी की भीमा देवळाशी उगम पावते, तिथेच गुप्त होते आणि इथे पुन्हा प्रकटते. झाडांच्या सावलीत काळ्या कातळावरून पाण्याची धार उतरते आणि खाली शिवलिंगावर पडते. देऊळ नाही, पुजारी नाही, पावती नाही. धार किती? आपल्या घरातले दोन नळ सोडले तर तेवढी भरेल. सौ.ने खाली बसून दोन्ही हातांची ओंजळ धारेखाली धरली. पाणी बोटांतून सांडत राहिले. उजनीला जिच्यावर प्रचंड धरण आहे, आषाढीला जिच्या वाळवंटात लाखो माणसे मावतात, ती नदी एका बाईच्या ओंजळीत आली होती.

‘‘ही पोरगी आहे हो अजून,’’ ती म्हणाली.

मी काही बोललो नाही. पंढरपूर हे वारकऱ्यांचे माहेर, असे आपण सगळे म्हणतो. पण ज्या नदीच्या काठी ते माहेर वसले, तिचे माहेर इथे, या रानात.

इथून भोरगिरीपर्यंत वाट नदीच्या अंगाने जाते. सगळी मिळून आठ-एक किलोमीटर, आणि बहुतेक उतार. नदी कधी डाव्या हाताला, कधी ऐकूच येत नाही, कधी एकाएकी पायांत. दगडांवरून ती ओलांडायची, पलीकडे गवताळ माळ, पुन्हा झाडी. दर ओढ्याला ती थोडी थोडी मोठी होत होती. चिरंजीवांनी ओढे मोजायला सुरुवात केली आणि अकरानंतर नाद सोडला.

मध्ये एका ठिकाणी झाडी तोडलेला उतार लागला. तिथे मामांनी आम्हाला मुद्दाम थांबवले. झाडीतली माती काठीने उकरून दाखवली: काळी, भुसभुशीत, ओली. मग उघड्या उतारावरची: काठी दगडावर खणकन वाजली. दिवाळीनंतर आठवडाही उलटला नव्हता, आणि इथली जमीन उन्हाळ्यासारखी कोरडी. कन्येने मला त्याचे कारण समजावून दिले. सह्याद्री हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांचा. त्या कातळात पाणी सहजासहजी मुरत नाही. भेगांतून शिरेल तेवढेच. वर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तोही चार महिन्यांत. उघड्या कातळावरून तो तसाच धावत सुटतो. त्याला धरून ठेवतो तो पाचोळा, मुळे आणि मुळांनी धरलेली माती. रान हा भिजलेला स्पंज आहे. पाऊस थांबल्यावर तो हळूहळू पिळला जातो, म्हणून नोव्हेंबरात नदी वाहते.

दुपारी बाराच्या सुमारास एका वाडीवर थांबलो. मामांच्या नात्यातलेच घर. नाचणीची भाकरी, हुलग्याची पिठी आणि लसणाची चटणी पुढे आली. पितळी तांब्यातून पाणी आले, थंडगार. सौ.ने घरच्या सुनेला सहज विचारले, ‘‘तुम्हाला बाई पाण्याची काळजी नाही. नदी दाराशीच!’’

सून हसली. ‘‘होळीपर्यंत, ताई. मग डोहात राहातं तेवढं. त्यात जनावरं पण असतात. प्यायचं आणायला पलीकडच्या झऱ्यावर जायचं, दोन खेपा सकाळी, दोन सांजच्याला.’’ तिने डोंगराचा जो उतार हाताने दाखवला तो चढायला आम्हाला अर्धा तास लागला असता, रिकाम्या डोक्याने.

कड्याच्या खाली खांडसला आजीबाईंनी जे सांगितले, तेच कड्याच्या वर ही सून सांगत होती. एकीचे पाणी अरबी समुद्राला जाते, दुसरीचे बंगालच्या उपसागराला. आणि वैशाखात हंडा मात्र दोघींचाही रिकामा. पावसाचे इतके पाणी जिथे पडते तिथे ते ठरत नाही. ते अडवायची धरणे खाली, जिथे जमीन सपाट आहे आणि ऊस आहे. मामांच्या वाडीने देवराई राखली, हिरड्याचे झाड राखले, शेकरूची उडी राखली, आणि त्या राखण्याचे पाणी पुढे गेले.

चिरंजीवांच्या हातात तांब्या होता. त्यात घोटभर पाणी उरले होते. ते अंगणात भिरकावण्यासाठी त्याचा हात वर झाला, आणि थांबला. त्याने ते पिऊन टाकले. कुणी त्याला काही सांगितले नव्हते.

भोरगिरी गाव डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या काठावर. वर भोरगिरीचा लहानसा किल्ला आणि लेणी. खाली कोटेश्वराचे देऊळ. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमांशी बारा शिवमंदिरे उभारली असे सांगतात, आणि त्यांत या कोटेश्वराचे नाव घेतात. हजार वर्षांपूर्वीच्या एका राजाला नदीच्या उगमाशी काहीतरी उभारावेसे वाटले, ही गोष्ट मला फार आवडली. देवळाच्या आवारात आम्ही पाय पसरून बसलो. पावलांचा आकडा चिरंजीवांनी जाहीर केला. दोन दिवसांचा मिळून तो साठ हजारांच्या घरात होता. सौ.ने आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवला आणि त्यांना शाबासकी दिली.

मामांनी वाटाड्याचे ठरलेले पैसे घेतले. वर देऊ केलेले घेताना मात्र फार आढेवेढे घेतले. ‘‘हिरड्याच्या वक्ताला या,’’ म्हणाले, आणि आल्या वाटेने चढू लागले. पुन्हा आठ किलोमीटर, आता चढणीचे.

भोरगिरीहून राजगुरुनगरला एसटीने सुमारे पन्नास किलोमीटर. वाटेत चासकमान धरणाचा जलाशय लागतो. उतरत्या उन्हात ते विस्तीर्ण पाणी चकाकत होते. सकाळी सौ.च्या ओंजळीत होती ती हीच का नदी, असा प्रश्न पडावा! धरणाजवळचे चास म्हणजे थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नी काशीबाई यांचे माहेर. आणि खेड आता राजगुरुनगर झाले ते हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांच्या नावाने. १९०८ साली ते इथे जन्मले आणि १९३१ च्या २३ मार्चला देशासाठी फासावर गेले. त्यांचा वाडाही याच भीमेच्या काठी. पुढे तुळापूरला इंद्रायणी येऊन मिळते, आणखी पुढे मुळा-मुठा, मग घोड, मग नीरा. आणि अशी सगळ्यांना पोटात घेत ती पंढरीला पोहोचते. तिथे तिला बघणाऱ्याला वाटते, ही जन्मापासून एवढीच मोठी असेल.

वाचकांपैकी कुणाला जायचे झाले, तर दिवाळीनंतरचा महिना उत्तम. गणेश घाट धरावा, शिडी घाटाच्या मोहात मुलांना घेऊन पडू नये. पावसाळ्यात नवख्यांनी ही वाट टाळावी. वाटाड्या गावातलाच घ्यावा. वाट चुकत नाही, आणि चार पैसे योग्य घरी जातात. प्लास्टिकची पिशवी नेली तर परत आणावी. देवराईत वहाणा काढाव्यात. आणि उन्हाळ्यात गेलात, तर वाडीवर पाणी मागण्याआधी ते कुठून आणले ते विचारावे.

लेक माहेराहून निघाली की तिची ओटी भरून पाठवतात. भीमेची ओटी तिच्या माहेरची माणसे दर पावसाळ्यात भरून पाठवतात, आणि आपण खालची माणसे ती शेकडो कोसांवर वापरतो. ओटी भरणाऱ्या घरातला हंडा वैशाखात रिकामा राहू नये, एवढे पाहण्याचे काम खालच्या माणसांचे आहे. नकाशावर ही गोष्ट दिसत नाही आणि मोटारीतूनही दिसत नाही. तीन दिवस पायी चालले की दिसते.